एकाहत्तरावा ठोका

वृंदाताई पहिल्यांदा माझ्या घरी आल्या, तेव्हा आल्या आल्या माझ्या नव्या खुर्चीवर बसल्या आणि लगेच उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. जर्मनीत, गेर्लिंगेनमध्ये घर मिळाल्याच्या आनंदात मी चार मराठी माणसांना जेवायला बोलावलं होतं, खुर्च्या आदल्या दिवशी स्वतः जोडल्या होत्या, आणि ही साठीला टेकलेली, आखूड केसांची बाई सगळ्यांसमोर उठाबशा काढत होती. आठव्या वेळी मागचा पाय कुरकुरला. "स्क्रू अर्धाच बसलाय," त्या म्हणाल्या. "एकदा बसून बघितलं म्हणजे खुर्ची झाली, असं नसतंय. मोजून बसायचं." मग त्यांनी फरशीवर मांडी घालून सगळ्या खुर्च्यांचे स्क्रू आवळले, हात धुतले आणि जेवायला बसल्या. मला त्यांचा चांगलाच राग आला होता.

त्या मूळच्या कोल्हापूरच्या. तीस वर्षं जर्मनीत काढली, बोलताना मधूनमधून 'अगदी बरोबर' या अर्थाचं 'गेनाऊ' येई, पण कोल्हापूरच्या बायकांसारखं 'मी येतो, मी करतो' काही सुटलं नाही. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत त्या चाचणी विभागात होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच, तर "राहून गेलं की" एवढंच म्हणत. रविवार मात्र ठरलेला. गावच्या शुत्झेनफेराइनमध्ये, म्हणजे नेमबाजीच्या क्लबात. कॉलेजात असताना एनसीसीत रायफल धरली होती, ती इथे येऊन पुन्हा धरली आणि बावीस वर्षं क्लबच्या संघातून खेळल्या. आमच्या इथल्या मराठी मंडळात यावर दबक्या आवाजात चर्चा चाले. एका वहिनींनी धीर करून विचारलं, "अहो ताई, घरात बंदूक ठेवता, भीती नाही वाटत?" ताई शांतपणे म्हणाल्या, "बंदूक एका कुलपात असते, गोळ्या दुसऱ्या कुलपात. जिभेला तेवढं कुलूप मिळत नाही."

निवृत्त झाल्यावर त्यांनी कोल्हापूरला धाकट्या भावाकडे परत जायचं ठरवलं. जाण्याआधी संघाचा एक शेवटचा सामना उरला होता आणि नेमकं उजव्या हाताचं पहिलं बोट संधिवातानं आखडलं. त्यांच्या रायफलचा मूळचा चाप जड होता. तो सावकाश ओढायला बोट तयार होईना. म्हणून त्यांनी हलक्या ओढीचा, दुसऱ्या कंपनीचा चाप मागवला. "एवढा एक सामना खेळतो आणि मग जातो," त्या मला म्हणाल्या. "शनिवारी येशील का, निखिल? दोन हात जास्त लागतील." त्या कधी कुणाकडे काही मागत नसत. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

खालच्या मजल्यावरच्या आजोबांची दुपारची झोप मोडू नये म्हणून तीन वाजेपर्यंत आम्ही हातोड्याला हातही लावला नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरली होती. रायफल रिकामी असल्याचं ताईंनी पाहिलं, मला पाहायला लावलं आणि पुन्हा एकदा स्वतः पाहिलं. दोन स्क्रू काढून लाकडी दस्ता वेगळा केला, जुना चाप सोडवला, त्याच्या बारीक पिना एका वाटीत ठेवल्या. नवा चाप बसायला अर्धा तासही लागला नाही. सगळं पुन्हा जोडून ताईंनी रिकाम्या रायफलचा चाप ओढून पाहिला. टक् असा आवाज झाला. त्यांनी बोटाकडे पाहिलं. "दुखलं नाही रे," त्या म्हणाल्या आणि हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"आता शंभर ठोके."

रिकामी रायफल तयार स्थितीत ठेवून दस्त्यावर रबरी हातोड्यानं ठोकायचं. चापाला हात न लावता ती नुसत्या धक्क्यानं सुटली, तर चाप धोक्याचा. बोल्टच्या, म्हणजे रायफल तयार करायला मागेपुढे सरकवायच्या दांड्याच्या, मागच्या टोकाला एक लाल ठिपका होता. रायफल तयार असली की तो बाहेर दिसे, सुटली की आत जाई. ताईंना ऐकू कमी येई आणि ठोकताना त्यांची नजर हातोड्यावर असे. म्हणून ठिपका बघायचं आणि मोजायचं काम माझ्याकडे होतं.

मी एकाहत्तर म्हटल्यावर त्यांनी हातोडा खाली ठेवला आणि बोट चोळत चहाचं आधण बघायला वळल्या. ठिपका आत गेला होता. मी बोल्ट उचलून पुन्हा बसवला आणि रायफल परत तयार केली. ठिपका बाहेर आला. ताई परत आल्या आणि आम्ही बहात्तरपासून पुढे मोजू लागलो. उरलेले सगळे ठोके नीट गेले. त्यांनी कागदावर 'शंभरपैकी शंभर' लिहिलं, तारीख घातली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "बघणाऱ्याची सही." मी सही केली. त्यांचा एक रविवार माझ्यामुळे जाऊ नये, एवढंच मनात होतं, असं मी स्वतःला सांगत होतो.

चहा पिऊन मी खाली उतरलो. श्टाटबानच्या, म्हणजे ट्रामच्या, थांब्यावर एक गाडी सोडली, दुसरीही सोडली. मग परत गेलो आणि तीन जिने चढलो. ताईंनी दार उघडलं, तेव्हा त्यांच्या हातात उद्याच्या सामन्याचं जाड जॅकेट होतं.

"ताई, एकदा सुटली होती. मी सांगितलं नाही."

त्यांनी जॅकेट खुर्चीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "कितव्याला?"

"एकाहत्तराव्या."

त्यांनी कागद घेतला, आकडा खोडून नवा लिहिला आणि रायफल पुन्हा टेबलावर घेतली. चापाची ओढ वाढवल्यावर शंभर ठोक्यांत ठिपका जागचा हलला नाही, पण मग ताईंचं बोटही तो चाप हलवू शकेना. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी ओठ दाबून धरले. मग मुकाट्यानं जुना चाप परत बसवला. मला रडू येत होतं. "सामन्यात माझ्या शेजारी श्मिडबाई उभ्या असतात," त्या पिना ठोकत म्हणाल्या. "त्यांना काय सांगितलं असतं आपण?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कप्तानाला बोट दाखवलं आणि संघातून नाव काढून घेतलं. सामना सुरू असताना त्या मागच्या बाकावर सरळ बसून होत्या. महिनाभरानं कोल्हापूरला गेल्या. विमानतळावर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या संध्याकाळबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. पुढची चार वर्षं दर दिवाळीला फोन व्हायचा. दरवेळी वाटायचं, ही बाई मला खोटी सही करणारा म्हणून ओळखते.

गेल्या महिन्यात त्यांच्या भावाचा फोन आला. ताई झोपेतच गेल्या होत्या. ताईंच्या वहीतले नंबर ते एकेक करून लावत होते, म्हणून मी नुसतं नाव सांगितलं, कंपनीत त्यांच्या हाताखाली होतो म्हणालो.

"माहीत आहे की," ते म्हणाले. "तीन जिने परत चढून आलेले तुम्हीच ना? अक्का सांगायची सगळ्यांना."