मानेवरचे केस

माझा धाकटा भाऊ केस कापतो. आयुष्यभर त्याने दुसरं काही केलंच नाही. बोलण्यात तो अगदीच कच्चा. लग्नाच्या वेळी होकारसुद्धा त्याने मान हलवून दिला, तोही इतका बारीक की भावजयीला पुन्हा विचारावं लागलं. पण गिऱ्हाईक एकदा खुर्चीत बसलं, अंगावर कापड आलं, की याचे हात बोलायला लागतात. कोणाचं घरी बिनसलंय, कोणाला नवी नोकरी लागलीय, हे त्याला त्या माणसाच्या डोक्यावरून कंगवा फिरवताना कळतं म्हणे. मला विचाराल तर गिऱ्हाइकं आपणहून सगळं ओकतात आणि हा नुसता ऐकतो. पण तसं त्याला सांगून त्याचा विरस कशाला करा?

दुकान खाली, घर वर. माझा संसार मोडला तेव्हा मी याच्याकडे राहायला आले आणि दुकानाचे टॉवेल धुण्याचं काम अंगावर घेतलं. उपकार फेडायचे म्हणून नव्हे, हा टॉवेल धुतो तेव्हा ते धुतल्यासारखे दिसत नाहीत म्हणून. भावजय बस चालवते. पहाटे निघते, दुपारी येते आणि बुटांसकट सोफ्यावर आडवी होते. त्यांना एकच मुलगा. लहानपणी खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकून भाऊ त्याला वर बसवायचा. त्याचे केस कापताना मात्र आमचा मुका भाऊ भरपूर बडबडायचा. फवाऱ्यातलं पाणी, कानामागचा तीळ, काहीही विषय चालायचा. दोघंही खिदळायचे. मी वर भाजी चिरता चिरता ऐकत असायचे.

पंधरावं लागलं आणि पोरगा खुर्चीत बसेनासा झाला. आधी म्हणाला, "या वेळी नको." मग म्हणाला, "बघू नंतर." नंतर नुसतंच "बाबा, नको म्हटलं ना." केस काळेकुट्ट रंगवले, आणि त्यांची एक झुलपी पार डाव्या डोळ्यावरून गालापर्यंत आली. नखं काळी. पँट अशी की पाय घातलेत की ओतलेत कळू नये. भर उन्हाळ्यात टोपीचा काळा स्वेटशर्ट, बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या, त्यावर पुन्हा मनगटाला पट्टे. खोलीतून गाणी यायची. आधी कोणीतरी कानात कुजबुजल्यासारखं, आणि मग एकदम दारात बोट सापडल्यासारखी किंकाळी. त्याचा एक शर्ट चुकून दुकानाच्या टॉवेलांबरोबर धुतला गेला आणि माझी सगळी मेहनत राखाडी झाली. मी त्याच्यावर ओरडले, तर म्हणाला, "आत्या, छान दिसतायत की."

गिऱ्हाइकांना तर विषयच मिळाला. पोरगा दुकानासमोरून गेला की कोणीतरी म्हणायचं, "पडदा पडला हो, नाटक संपलं!" भाऊ कसनुसा हसायचा. केस कापणाऱ्याच्या पोराची ही तऱ्हा, यावर जो तो तोंडसुख घ्यायचा. वस्तरा हातात असून भाऊ शांत राहायचा, हा त्याचा मोठेपणाच म्हणायचा. मी असते तर एखाद्याची निदान एक मिशी तरी गेली असती.

भावजय म्हणायची, "केसच आहेत. आज वाढलेत, उद्या गळतील." मलाही तसंच वाटत होतं, पण मग एक दिवस विमावाला दाढीला आला.

विमावाल्याला फोनवर आलेलं सगळं माहीत असतं. तोंडाला फेस लावलेला असतानाही त्याचं चालूच होतं. "याला इमो म्हणतात," तो म्हणाला. "ही पोरं नुसती उदास असतात. दिवसभर दुःख कुरवाळत बसायचं. स्वतःच्याच हातांना इजा करून घेतात. लांब बाह्या उगाच नसतात, मास्तर. सांभाळा हं. एका ठिकाणी तर म्हणे एका पोराने..." पुढचं त्याने सांगितलं नाही. भावाने त्याची अर्धी दाढी तशीच सोडून मागचा नळ उघडला आणि कितीतरी वेळ हात धूत उभा राहिला.

त्या दिवसापासून आमच्या घरात भीती राहायला आली. भीती कशाची, ते आम्ही दोघं बहीणभाऊ एकमेकांपाशी बोललोसुद्धा नाही. मी पोराच्या बाह्या धुण्याआधी उजेडात धरून पाहायचे. काळ्या कापडावर काही दिसतं थोडंच? भावाने दुकानातली पाती खणात ठेवून खणाला कुलूप लावलं. ज्या घराची चूल पात्यांवर चालते, तिथे पाती लपवून लपवणार किती? कामाच्या मध्येच तो किल्ली शोधत खिसे चाचपायचा, आणि गिऱ्हाइकं हसायची. पोराशी बोलायचं तर याच्या जिभेला आधीच गाठ. जेवताना तो पोराकडे पाहायचा, घास तोंडाशी न्यायचा आणि म्हणायचा, "मीठ बरोबर आहे ना?" पोरगा म्हणायचा, "आहे." एवढंच बोलणं.

"त्याला कोणी मित्र आहेत का गं, ताई?" एकदा त्याने मला विचारलं. मी काय सांगणार? घरी कोणी येत नव्हतं. पोरगा एकटाच बाहेर जायचा, एकटाच परत यायचा. स्वेटशर्टची टोपी घरातसुद्धा डोक्यावर. ती पुढची झुलपीही तो बाथरूमच्या आरशात बघून एकटाच छाटत असणार, असं भाऊ म्हणाला. बापाचं दुकान खाली असताना पोराने चोरून आपले केस आपणच कापावेत, हे त्याला फार लागलं होतं.

एकदा दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी, भाऊ वर आला. चेहरा पांढराफटक पडलेला. म्हणाला, "ताई, खणातलं पात्यांचं एक पाकीट नाही."

"तू नीट मोजलंस का?"

"किल्ली काल पँटमध्येच राहिली होती. तो कुठाय?"

खोलीत नव्हता. बाथरूम रिकामी. भावजय अजून कामावरून यायची होती. आम्ही गल्ली पालथी घालून परत आलो आणि मी चप्पल काढत होते, तेवढ्यात खालून नळाचा आवाज आला. बंद दुकानातून. आम्ही दोघं जिना कसे उतरलो, देव जाणे. मी या गुडघ्यांनी पायऱ्या गाळत उतरले.

पोरगा केस धुवायच्या बेसिनवर वाकून उभा होता. नळ सोडलेला. बेसिनमध्ये काळं पाणी चाललं होतं. काळं, म्हणजे केसांच्या रंगाचं. एवढं कळायलासुद्धा मला क्षण लागला. स्वेटशर्ट खुंटीवर, अंगात बिनबाह्यांचा गंजी, पट्टे काढून कडेला ठेवलेले. मी आधी त्याची मनगटं पाहिली. मग कोपरापर्यंत हात पाहिले, उलटसुलट पाहिले. रंगाचे डाग होते, बाकी गोरेगोमटे, धडधाकट हात.

आणि माझा भाऊ? तो हातांकडे बघतच नव्हता. पोराचे सगळे केस पुढे बेसिनमध्ये लोंबत होते, त्यामुळे मान उघडी पडली होती, आणि हा त्या मानेकडे टक लावून उभा.

"हे मागचं कोणी केलं?" त्याने विचारलं.

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. आम्ही जीव मुठीत घेऊन खाली धावलो, आणि हा केशकर्तनाची चौकशी करतोय! पोरगा दचकून उठायला गेला आणि नळावर डोकं आपटून घेतलं. "काय झालं? आत्या, तू का रडतेयस?"

"मागचं कोणी केलं, सांग," भाऊ पुन्हा म्हणाला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढची झुलपी माणूस आरशात बघून कापेल, कानांवरचे केस कापेल, कल्ले कापेल. स्वतःच्या मानेवरचे केस कोणालाच कापता येत नाहीत. तिथे मागे दुसरं माणूस उभं राहावंच लागतं. आणि पोराच्या मानेवरचे केस एकाखाली एक असे बारीक उतरवलेले होते, सावकाश, जपून. घाईत कोणी कात्री चालवली नव्हती. म्हणजे आमचा पोरगा कोणापाशी तरी मान खाली घालून निवांत बसत होता.

"बगळ्याने," पोरगा म्हणाला. "आमच्यातला उंच आहे ना, तो. त्याच्या गच्चीवर बसतो आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

"आम्ही सगळे. पाच-सहा जण." मग जरा थांबून, खाली बघत म्हणाला, "बाकीच्यांचे मीच कापतो. माझे फक्त तो कापतो. मला माझी मान दिसत नाही म्हणून."

"पात्यांचं पाकीट तू नेलंस?"

"हो. कात्रीने टोकं जाड राहतात."

"राहतात," भाऊ म्हणाला. इतक्या सगळ्या गोंधळात तो त्या एका मुद्द्यावर मनापासून सहमत झाला.

"मग बापाला सांगायला काय झालं होतं तुला?" मी कावले. माझी भीती आता रागावर आली होती.

"सांगितलं असतं तर बाबांनी मला उद्यापासून दुकानात उभं केलं असतं."

ते खरंच होतं. भावाने टॉवेल घेतला, पोराच्या डोक्यावर टाकला, आणि टॉवेलच्या आत पोराचा चेहरा झाकलेला असतानाच विचारलं. समोर बघून कदाचित त्याला जमलं नसतं. "तुझ्या मनात जिवाचं बरंवाईट करायचं येतं का रे?"

टॉवेल हलायचा थांबला. मग आतून आवाज आला, "नाही, बाबा. वाईट वाटतं कधीकधी. कशाचं ते कळत नाही. त्या गाण्यांतला माणूस माझ्याऐवजी ओरडतो, मग मला बरं वाटतं. बस, इतकंच."

"आणि कधी आलंच मनात तर?"

"सांगीन."

"कोणाला?"

पोराने टॉवेल काढला आणि प्रामाणिकपणे विचार केला. "आधी बगळ्याला. मग आत्याला. मग तुम्हाला."

"आणि आईला?"

"आईला सांगावं लागत नाही. तिला कळतंच."

"तिसरा तर तिसरा," भाऊ म्हणाला, आणि त्याने डोळे पुसले. माझा जीव इतका भांड्यात पडला की त्या भांड्याचा आवाज रस्त्यावर गेला असता.

मग भावाने एक गोष्ट केली. तो स्वतः जाऊन खुर्चीत बसला. म्हणाला, "माझी मान कर."

त्याची मान एरवी मी करते, मशीन घेऊन, आणि ती कुंपण छाटल्यासारखी होते, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. पोराने बापाच्या अंगावर कापड टाकलं, गळ्यापाशी गाठ मारली. "खाली बघा," म्हणाला. भाऊ सुरुवातीला सूचना करत होता. कंगवा आडवा धर. घाई नको. कानामागे बघ, तिथे भोवरा आहे. पोरगा म्हणाला, "बाबा, मला कापू द्या." भावाने मान आणखी खाली घातली. थोड्या वेळाने त्याचं डोकं एकदम पुढे झुकलं, आणि मी घाबरून उठले.

तो झोपला होता. गेले कित्येक दिवस तो अंथरुणावरून उठून पोराच्या दाराशी कान लावून उभा राहायचा, हे भावजयीने मला नंतर सांगितलं.

पोराने कात्री ठेवली. बापाचं डोकं आणखी झुकू नये म्हणून त्याचं कपाळ आपल्या तळहातावर तोलून धरलं, आणि तसाच उभा राहिला. ओल्या झुलपीचं काळं पाणी त्याच्या स्वतःच्या गालावरून ओघळत होतं, ते त्याने पुसलं नाही. मी हळूच म्हटलं, "उठव त्याला. हात भरून येईल तुझा."

"येऊ दे," पोरगा म्हणाला. "झोपू दे त्यांना."