‘ग’च्या नळाचं पाणी

भूतखेत, आत्मा वगैरे मी मानत नाही. उभी हयात जबलपूरच्या कारखान्यात तोफांचे भाग तपासण्यात गेली. जे मोजता येत नाही ते मी कधी पास केलं नाही. तरी हे लिहून राहिलो...

घर दीक्षितपुऱ्यात. मोरीशेजारच्या खोलीत फोटो धुवायला डार्करूम केली. आमच्या नळाला पाणी कमी, रेती जास्त — साठवली असती तर वरचा मजला बांधून झाला असता. एक कण निगेटिव्हवर चिकटला की फोटोतल्या माणसाला देवीचे व्रण. म्हणून थंड आणि गरम, दोन्ही लाइनींवर फिल्टर बसवले. प्लंबर म्हणाला, "भैया, फोटो धोओगे या ऑपरेशन करोगे?" दोन्ही नळ जुळ्या भावांसारखे, म्हणून गरमवर रंगानं ‘ग’ काढला.

पहिलं काम सासूबाईंचं. त्या वारल्या, आणि हिच्याजवळ आईचा एकही फोटो नाही. होती फक्त एक मळकी निगेटिव्ह. ती थंड पाण्यातच धुवायची. फार गरम लागलं तर वरचा थर सायीसारखा सुटतो, चेहऱ्यासकट. मी ट्रे मांडला, तेवढ्यात गॅसवाला आला. हिला म्हटलं, "थंड पाण्याची बारीक धार सोड."

गॅसवाल्याशी मनसोक्त भांडून आलो, तर धार ‘ग’मधून. गीझरचा लाल दिवा चालू.

"हे काय करून राहिली तू?"

"ग म्हणजे गारच ना? तुम्हीच लिहिलंय की."

ही सातारची. आमच्या विदर्भाच्या मराठीत थंड, त्यांच्यात गार. माझे हातपाय दोन्ही झाले.

ट्रेत बोट घातलं. त्यापुढे माठातलं पाणी कोमट म्हणावं. निगेटिव्ह जशीच्या तशी. ती उचलून बाजूला ठेवली आणि धारेखाली पुन्हा बोट धरलं — टरारून फोड आला.

"आईनंपण गारच वाचलं असंल," ही म्हणाली.

सासूबाई मला नेहमी टोकायच्या, "थंड माणसं असतात जावईबापू, पाणी गार असतं."

प्लंबरनं फिल्टर, गीझर, पाइप, सगळं खोललं. "लाइन एकदम सही है, भैया." मीही पुष्कळदा तपासलं. त्या नळाला चहा करण्याजोगंच पाणी येतं.

फोटो बैठकीत लावलाय. ही येता-जाता त्याच्याशी बोलते. त्यावर एक डाग नाही, ते श्रेय फिल्टरचं. पण चेहरा शाबूत काहून राहिला, हे मला आजवर कोणी सांगू शकलं नाही...