लॅब पाचला बंद होते

‘अप्पा, तिची मैत्रीणच म्हणती की, लॅब सुटाया रात होती म्हणून. आन् ती कशाला खोटं बोलंल? लई गरीब पोरगी हाय. तोंडातनं शब्द निघत न्हाय तिच्या.’

माझ्या वर्गातल्या रुक्मिणीचा भाऊ, सिद्धाराम दादा, कॉलेजच्या पायऱ्यांवरून गावी, मैंदर्गीला, वडिलांना फोन करत होता. मी खांबाच्या अलीकडे उभी होते. ती गरीब पोरगी म्हणजे मी. हे मी मागच्या आठवड्यापर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं — आईलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय, पण तुम्ही समजून घ्यावं म्हणून नाही.

एम.टेक.ला आम्हाला मेकॅनिक्सची एक शाखा निवडायची होती. सॉलिड — तुळई वाकते कशी, पत्रा फाटतो कसा. किंवा फ्लुइड — पाणी आणि हवा वाहते कशी. मला फ्लुइड हवं होतं. लॅबमध्ये काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडतात. ती सरळ जाते, मग थरथरते, आणि एकदम विस्कटते. का विस्कटते? ते पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी डबा खायला विसरले होते.

फ्लुइडला एकच जागा उरली होती. गुणांत रुक्मिणी माझ्या पुढे होती, आणि तिलाही तेच हवं होतं. सरांकडे जाऊन आणखी एक जागा मागता आली असती — दोघींसाठी. मी गेले नाही. सरांसमोर बोलायचं कसं, याचीच मला भीती.

आमच्याकडे मुलीची शाखा ठरते ती घरचं कुणीतरी येऊन बघून गेल्यावर. मुलांच्या मागे कुणी येत नाही. दादा आला आणि त्याने मलाच विचारलं, ‘ताई, लॅब कवा सुटती? हिला मैंदर्गीची गाडी गावंल का?’

मी म्हणाले, ‘पंप सुरू केला की पाणी स्थिर व्हायला वेळ लागतो, दादा. मध्येच बंद करता येत नाही. रात्र होते.’

पहिली दोन वाक्यं खरी होती. तिसरं मी तिथे उभ्या उभ्या तयार केलं. लॅब पाचला बंद होते, हे मला माहीत होतं.

रुक्मिणीने सॉलिड घेतलं. जागा मला मिळाली.

लाज वाटली का? वाटली. पण जागा सोडावीशी वाटली का? — एकदाही नाही. इंग्लिश मीडियमची, खाली मान घालून बोलणारी, म्हणून मला सगळे चांगली समजतात. गप्प माणसाला काही हवंच नसतं, असं तुम्हाला कुणी सांगितलं? मला हवं होतं. फार हवं होतं. आणि माझं खोटं कुणी तपासणार नाही, हे मला त्या क्षणी नीट कळलं होतं.

रुक्मिणी आता अकलूजच्या कॉलेजात शिकवते. छान शिकवते म्हणतात. म्हणून मी सुटले, असं मी म्हणणार नाही.

मागच्या आठवड्यात ती विद्यार्थ्यांना आमची लॅब दाखवायला घेऊन आली. मी आता तिथेच पीएच.डी. करते. मुलं नळीभोवती रेंगाळली, तसे लॅबचे मामा कुलूप घेऊन आले. ‘चला, पाच वाजले. हितं पाचच्या पुढं कुणी थांबत न्हाय, पहिल्यापासनं.’

रुक्मिणी माझ्याकडे वळली. मग हसली. ‘अगं, तेव्हा तुला कुणीतरी चुकीचं सांगितलं असंल की.’

मला सुटायला तिने दार उघडून धरलं होतं. मला नुसती मान हलवायची होती — आयुष्यभर हलवत आले तशी. मुलं ऐकत होती. मामाही.

‘कुणी नाही सांगितलं, रुक्मिणी,’ मी म्हणाले. ‘मला माहीत होतं. मला तुझी जागा हवी होती.’