दुर्बिणीची नमुनावही

तिला अख्खा कारखाना दुर्बीण म्हणायचा. सुईत दोरा ओवायला तिला शेजारीण लागायची, ती गोष्ट वेगळी; पण दोन निळ्यांमधला केसाएवढा फरक तिला दहा पावलांवरून दिसायचा. कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात एकतीस वर्षं तिचं एकच काम. रंगून आलेल्या प्रत्येक लॉटचा बोटभर तुकडा कापायचा, खिडकीच्या उजेडात मूळ नमुन्याशेजारी धरायचा आणि म्हणायचं, "पास" नाहीतर "परत." तुकडा मग तारखेसह वहीत चिकटायचा. पुढेमागे तो फिका पडला, तर तीच शेड नव्याने रंगवून त्या जागी लावायची, हा तिथला नियम. वहीत फिका तुकडा म्हणजे तिच्या लेखी घासात केस.

कारखान्याचं सांडपाणी मागच्या ओढ्यात जायचं आणि ओढ्याकाठीच तिच्या गल्लीची विहीर. विहिरीचं पाणी पहिल्यांदा जांभळं झालं तेव्हा सगळी गल्ली मालकांकडे गेली. मालक म्हणाले, "पुरावा आणा." बाकीचे शिव्या घालत घरी गेले. दुर्बिणीने मनावर घेतलं. दर रविवारी पांढऱ्या सुती कापडाची पट्टी ओढ्यात बुडवायची, वाळवायची, तारीख घालून वहीत चिकटवायची. आठ वर्षांत चारशेवर पट्ट्या झाल्या. नवऱ्याच्या अंगावर चट्टे उठले, मग मूत्रपिंड गेलं, मग नवराही गेला. रविवार एकही चुकला नाही.

"माझ्या लेकापेक्षा त्या ओढ्याला जास्त जपलंस," सासू म्हणाली. तसं ते खोटं नव्हतं.

अखेर सरकारी साहेबांपुढे सुनावणीची तारीख लागली. ओढ्यातला पाइप बंद होऊन गल्लीला नळ मिळणार की नाही, हे त्या वहीवर ठरणार होतं.

तेवढ्यात भाची आली. कापडावरच्या डिझाइनचं शिकलेली, शहाणी मुलगी. वही उघडली आणि जमिनीवर बसलीच.

"आत्या, हे काय आहे गं?"

"ओढा."

"अगं, भन्नाट आहे हे! मी पाण्याच्या प्रदूषणावरच कापडं करतेय. आठवडाभर प्रदर्शनात मांडायला दे ना. लोकांना कळायला नको?"

लोकांना कळेल, एवढ्यावर आत्या विरघळली.

वही परत आली ती सुनावणीच्या चार दिवस आधी, आणि सुगंधी.

"पट्ट्या वास मारत होत्या गं. लोक नाक धरायला लागले. म्हणून साठेक काढून हलक्या हाताने धुतल्या आणि परत चिकटवल्या."

नेमक्या सगळ्यात गडद. जांभळ्याचं धुवट गुलाबी झालं होतं, काळ्याचं राखाडी.

"राहू दे आत्या, बाकीच्या साडेतीनशे आहेत की."

"फिका नमुना वहीत ठेवू? मी काय मेलेय?"

दुसरं कुणीही उरलेल्या पट्ट्या घेऊन सुनावणीला गेलं असतं. पण अंगात मुरलेलं काम माणसाला शहाणं होऊ देत नाही. कारखान्यातून चिमूट चिमूट रंग आणून तिने तीन दिवस स्टोव्हवर पातेली चढवली. साठच्या साठ पट्ट्या आठवणीतून रंगवल्या. एकेका शेडवर जीव ओतला.

सुनावणीत कारखान्याच्या वकिलाने प्रदर्शनातला फोटो काढला. "बाई, यात ही पट्टी गुलाबी. वहीत जांभळी. कशी काय?"

"धुवून फिकी झाली होती. मी दुरुस्त केली," ती म्हणाली. "एक छटा इकडची तिकडे नाही."

"रंग कुठला?"

"कारखान्यातलाच."

"बघा साहेब! आमचा रंग ओढ्यात गेलाच नाही. बाईंनी घरी नेला."

लोक हसले. साहेबांनी वही पुढे सरकवली. "यातल्या मूळच्या कुठल्या, रंगवलेल्या कुठल्या, एवढं दाखवा. मूळच्या मी धरतो."

ती वही घेऊन खिडकीशी गेली. पानं पुढे उलटली, मागे उलटली.

"नाही ओळखू येत," ती म्हणाली. आणि शेजारीण शपथेवर सांगते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं.

वही बाद झाली. नळ गेला.

भाचीचं डिझाइन मात्र गाजलं, आणि ते छापायची ऑर्डर याच कारखान्याला मिळाली. मालकांनी दुर्बिणीला चोरीबद्दल काढलं नाही. ओढ्याची शेड दुसऱ्या कुणाला साधली असती? पहिले दोन लॉट तिने परत पाठवले. "हिरवट मारतोय. ओढा असा नव्हता." तिसरा पास केला. तिन्ही लॉटचं पाणी ओढ्यात गेलं.

"काय गं दुर्बीण," विहिरीवर शेजारणीने टोमणा मारला, "आज कुठला नमुना प्यायचा?"

भाचीने पहिल्या ताग्यातली ओढणी पाठवली, प्रेमाने. दुर्बिणीने ती घडी करून हंड्याच्या तोंडाला बांधली आणि विहिरीचं पाणी गाळलं. रंग पक्का होता, ओढणीने थेंबभरही सोडला नाही. गाळलेलं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन, ओढणीचं टोक शेजारी धरून, तिने खिडकीच्या उजेडात पाहिलं.

"पास," ती म्हणाली, आणि ग्लास सासूला नेऊन दिला.