अंदमानच्या पाण्यातली शिट्टी

भिवंडीच्या टेमघरला आमचं घर आणि लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड यांच्यात एकच भिंत होती. दिघाशीहून लग्न होऊन आले तेव्हा सुरुवातीला त्या खडखडाटाने माझं डोकं ठणकायचं, मग सवय झाली. शेडमध्ये कुणी ओरडून बोलत नाही, उपयोगच नसतो. ओठ हलवायचे आणि जोडीला हात. तार तुटली, सुताची कांडी संपली, चहा आला, मामंजी चिडलेत, सगळं असंच सांगायचं. महिन्याभरात मीही तयार झाले. सासूबाई शेजारी तांदूळ निवडत असताना यांच्याशी अख्खं भांडण मी आवाज न करता केलेलं आहे. त्यांनाही ओठ वाचता येत असणारच, पण त्यांनी कधी दाखवलं नाही.

शेडमध्ये यांना मान होता तो कानामुळे. दारात उभं राहून, सगळ्या खडखडाटातून, कुठल्या लूमचा धोटा नीट जात नाही ते हे सांगायचे आणि जाऊन बघितलं की तसंच निघायचं. मामंजींच्या तोंडून कौतुक म्हणजे दुष्काळच, पण पाहुणे आले की मुलाची ही करामत ते आवर्जून दाखवायचे.

अंदमानचा हट्ट माझा. लोडशेडिंग सुरू झालं, लूम बंद पडले, की घरात दोन शब्द बोलायची संधी असायची, आणि नेमके तेव्हाच हे चप्पल घालून बाहेर पडायचे. म्हटलं, समुद्राच्या मधोमध नेते, मग बघू कुठे पळतात. त्सुनामी होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. सासूबाई म्हणाल्या, "लाटेनं एवढी मानसं नेली, आन् तुमाला तिकडंच जायचंय. पोरीला जपा."

बेटावर सगळं फोटोत असतं तसंच होतं. पांढरी वाळू, हिरवंनिळं पाणी, आणि टूरवाल्यांनी तिथेही खाऊ घातलेलं वरण-भात-लोणचं. पण इतकी शांतता मला सोसेना. आणि आमच्या ह्यांचं वागणं. जेवताना एका बाईंनी विचारलं, "मुलगी कितवीत आहे?" तर म्हणाले, "भिवंडी. टेमघर." टेबलावर हशा पिकला. मी लाजेने मान खाली घातली. खोलीत आल्यावर म्हटलं, "चार माणसांत बसलं की लक्ष कुठे असतं तुमचं?" ते खिडकीतून समुद्र बघत राहिले. गर्विष्ठ माणूस, असं म्हणून मी कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी मासे बघायला पाण्यात उतरायचं होतं. नाकातोंडाला ती नळी लावायची मला भीती, मी वाळूत बसले. हे आणि आमची आठ वर्षांची मुलगी उतरले. तिच्या कमरेला हवेची ट्यूब होती. थोड्या वेळाने यांनी ती नळी काढली आणि कमरेएवढ्या पाण्यात लांबच्या होड्या बघत उभे राहिले, तिच्याकडे पाठ करून.

ओहोटी लागली होती. ट्यूब हळूहळू बाजूला सरकत गेली. मुलीला आधी गंमत वाटली, मग तिचे पाय टेकेनात. "पप्पा!" ती ओरडली. वाऱ्यावरून मला वाळूत स्पष्ट ऐकू आलं. ती यांच्यापासून दहा-बारा हातांवर होती. पुन्हा ओरडली, पुन्हा. जवळच्या होडीतून होडीवाल्याने जोरात शिट्टी मारली. पाण्यातले सगळे वळले, किनाऱ्यावरचे वळले, एक कुत्रं होतं तेसुद्धा वळलं. फक्त हे वळले नाहीत.

मी धावले, पण पाय वाळूत रुतत होते. होडीवाल्याने उडी टाकली, मुलीला धरलं आणि उथळ पाण्यात आणलं. समोरच्या माणसांचे चेहरे बघून हे मागे वळले तेव्हा ती त्याच्या खांद्यावर होती. यांच्या तोंडावरचा रंग उडाला.

मुलगी सुखरूप होती, थोडं खारं पाणी पोटात गेलं होतं एवढंच. मी तिला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं. तिने माझ्या कुशीत तोंड खुपसलं. हे समोर येऊन बसले. मला इतका राग आला होता की हात उचलला असता. आणि त्या रागाच्या तळाशी भीती होती, कारण मला कळलं होतं. तरी खात्री करून घ्यायची होती. शेडमधल्यासारखे नुसते ओठ हलवून मी विचारलं, "कधीपासून?"

"झाली दोन-तीन वर्षं," हे मोठ्याने म्हणाले. "डावा कान पार गेलाय. उजवा पन आता गेल्यातच जमा."

"आणि लूम? ते कसं सांगता?" पुन्हा नुसते ओठ.

"दाराच्या चौकटीवर हात ठेवला की कळतं थोडं. बाकी अंदाज. झाकली मूठ हाय, झाकलेलीच राहू दे. बाबांना कळलं तर मला दारात उभा पन करनार नाय."

माझे डोळे भरून आले. एवढी वर्षं मी या माणसाशी भांडत होते, आणि त्याला माझा आवाज तरी आठवत असेल का, असं मनात आलं.

मुलगी कुशीतच हलली. टॉवेलात दबलेल्या आवाजात तिने विचारलं, "पप्पा, तुम्ही कुणाशी बोलताय? मम्मी तर गप्प आहे."

तिचं तोंड त्यांना दिसत नव्हतं. ते माझ्या ओठांकडे बघत तसेच बसून राहिले, मी पुढे काय म्हणते याची वाट बघत.