धक्क्यावरचं गाऱ्हाणं

तात्या गेले तेव्हा गावच्या मुंबईकरांना फोन करायचं काम माझ्याकडे आलं, आणि पहिल्या तिघांनी हसून फोन ठेवला. त्यांची काही चूक नाही. दोन वर्षांपूर्वी मीच तात्यांच्या आवाजाची नक्कल करून त्यातल्या एकाला फोन केला होता, "अरे, मी मेलोय, येताना दोन नारळ घेऊन ये," आणि तो बिचारा माणगावपर्यंत येऊन पोचला होता. या वेळी मी माझ्या साध्या आवाजात बोललो, पण माझा साधा आवाज कोणाच्या ओळखीचाच नव्हता. शेवटी काकींनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, माझ्या हातातून फोन घेतला. "व्हय रे बाबा. खरंच गेले ते." एवढं बोलून फोन मला परत दिला आणि म्हणाल्या, लाव पुढचा. असे अकरा फोन झाले. तात्या आतल्या खोलीत चटईवर होते आणि काकी ओटीवर उभ्या राहून अकरा वेळा तेच बोलल्या... माझ्यामुळे.

आमचं गाव श्रीवर्धनपासून आत, एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला खाडी. चाळीसेक घरं, त्यातली निम्मी शिमग्या-गणपतीलाच उघडतात. शिमग्यात पालखी घरोघर फिरते, प्रत्येक अंगणात टेकते, आणि त्या घराच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घातलं जातं. गाऱ्हाणं घालणारा एकेक मागणं मागतो आणि गाव म्हणतं, व्हय म्हाराजा. बाकीच्या गावांत एकच ठरलेलं गाऱ्हाणं सगळ्या घरांना चालतं. आमच्याकडे ते तात्या घालायचे, आणि त्यांचं तसं नव्हतं. शिमग्याच्या आधी पंधरा दिवस ते खांद्याला खाकी पिशवी लावून निघायचे. पिशवीत पानाचा डबा, चष्मा आणि टॉर्च. रोज दोन-तीन घरं. ओटीवर बसायचे, कोरा चहा प्यायचे आणि गप्प राहायचे. माणसं आपोआप बोलायला लागायची. जे नवऱ्याला सांगितलं नाही, भावाला सांगितलं नाही, ते तात्यांना सांगायची. ते ऐकलेलं पुन्हा कुठे निघायचं नाही. निघायचं ते फक्त शिमग्याला, त्या त्या घराच्या अंगणात, देवासमोर, आणि तेही अशा शब्दांत की ज्याला कळायचं त्यालाच कळावं.

दोन भावांनी घराच्या मधोमध भिंत घातली होती आणि पाच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. तात्या त्यांच्या अंगणात म्हणाले, "दोन चुलींच्या मधी जी भिंत उभी हाय, तिला एक दार पाड, म्हाराजा." सगळं गाव उभं. दोघांनाही व्हय म्हाराजा म्हणावंच लागलं, एकाने जमिनीकडे बघत, दुसऱ्याने आभाळाकडे. त्या वर्षी काही झालं नाही. पुढच्या शिमग्याला दार होतं. तात्यांनी असं पन्नासेक वर्षं केलं. स्वतःची भातशेती केली, तीन मुलींची लग्नं केली, गावातल्या प्रत्येक मयताला पहिला खांदा दिला, पण माणसं त्यांना ओळखायची ती या मागण्यामुळे. मी दहावीला पहिल्यांदा नापास झालो तेव्हा आमच्या अंगणात म्हणाले, "ह्या पोराच्या तोंडात सगळ्या गावाचा आवाज घातलास, एक त्याचा स्वतःचा बी दे, म्हाराजा." गाव हसत हसत व्हय म्हाराजा म्हणालं. मी तर सगळ्यात मोठ्याने म्हणालो, त्यांच्याच आवाजात.

तात्या ही माझी सगळ्यात चालणारी नक्कल होती. कमरेवर हात, कवळीची टकटक, म्हाराजातला तो लांबवलेला 'हा'. शाळेच्या गॅदरिंगला केली तेव्हा ते पहिल्या रांगेत होते. नंतर पडद्यामागे आले. मला वाटलं, आता कानाखाली बसते. तर म्हणाले, "खोकला चुकला तुझा. मी आधी खोकतो, मग देवाचं नाव घेतो. देवाचं नाव घेऊन खोकत नाय." मी तिथेच सुधारून दाखवला. त्यांनी परीक्षकासारखी मान हलवली आणि पिशवीतून सुपारीचं खांड काढून माझ्या हातावर ठेवलं. तेच माझं बक्षीस.

पण त्यांचं एक गाऱ्हाणं मला कधी करता आलं नाही. सगळी घरं झाली की पालखी खाडीवरच्या जुन्या धक्क्यावर यायची. पूर्वी तिथून पलीकडे जायची होडी, म्हणजे तर, सुटायची, पूल झाल्यापासून बंद आहे. तिथे घर नाही, अंगण नाही. तात्या ढोलवाल्यांना पुढे पाठवायचे, स्वतः नारळ फोडायचे, आणि पाण्याकडे तोंड करून काहीतरी पुटपुटायचे. फक्त ओठ हलायचे. त्यावर कोणी व्हय म्हाराजा म्हणायचं नाही, कारण काय मागितलं तेच कोणाला ऐकू यायचं नाही. कोणी म्हणे, तरीतून बुडालेल्यांसाठी मागतात. कोणी म्हणे, तरण्यापणी कोणीतरी तिथून गेली तिच्यासाठी... मी एकदा सरळ विचारलं. म्हणाले, "तुला घेण्यासारखं काय नाय त्यात. खोकला बी नाय."

गेल्या शिमग्याला मी त्यांच्या परवानगीने सगळी गाऱ्हाणी फोनवर रेकॉर्ड केली. एका स्पर्धेसाठी सराव करायचा होता. धक्क्यावरही मी फोन धरून अगदी मागे उभा होतो.

श्रावणात तात्या भातातलं तण काढायला गेले आणि बांधावरच आडवे झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नुसता 'ह' निघायचा, तोही पूर्ण नाही. गणपतीत त्यांच्या घरी माणसं जमली होती, कोणीतरी म्हणालं, कर रे तात्यांचा आवाज, बरं वाटेल त्यांना. मी केला. खोकला आधी, देवाचं नाव नंतर. खोलीत कोणी हसलं नाही. तात्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, माझ्या तोंडाकडे बोट केलं, आणि मग खिडकीतून खाडीकडे. पुन्हा तोंड, पुन्हा खाडी. काकींना आधी कळलं. "धक्क्यावरचं सांगतायत," त्या म्हणाल्या. "तुला देतायत ते. मला चाळीस वर्षं विचारून नाय दिलं."

मला एकदम आठवलं, रेकॉर्डिंग आहे की! तसं सांगून मी घरी पळालो. कानाला फोन लावला. नारळ फुटल्याचा आवाज आला, आणि नंतर मी. मागे उभा राहून मी त्यांच्या ओठांची नक्कल करत होतो, बाजूचा मित्र तोंड दाबून हसत होता, मग मीही हसायला लागलो, आणि ते हसणं थांबतच नाही. त्याच्या खाली तात्यांचा आवाज आहे, नक्की आहे. एक अक्षर कळत नाही. दहा वेळा ऐकलं, शंभर वेळा ऐकलं, मित्राच्या कॉम्प्युटरवर घालून बघितलं. हसणंच जास्त स्वच्छ ऐकू आलं.

मी परत गेलो आणि तात्यांना सांगितलं, तो फोन बिघडला, सगळं उडालं. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. मला धीर देत होते ते... हे मी आज पहिल्यांदा सांगतोय. काकींनाही हे वाचूनच कळेल.

मग रोज दुपारी मी जायचो. पाटी दिली तर डाव्या हाताने नुसत्या रेघा यायच्या. म्हणून मी त्यांच्याच आवाजात एकेक मागणं म्हणून बघायचो. बुडालेल्यांसाठी? मान आडवी. पिकासाठी? आडवी. कोणा बाईसाठी म्हटल्यावर मात्र डोळे मिचकावून मान आडवी. चार महिने. एकदाच, जे गेले आणि परत आले नाहीत त्यांच्यासाठी, असं म्हटलं तेव्हा त्यांनी हात हलवला, अर्धं बरोबर. त्या दिवशी आम्ही दोघंही घामाघूम झालो. पण उरलेलं अर्धं मला सापडलं नाही. पौषात त्यांनी पाटीकडे बघायचं सोडलं. मी समोर बसून त्यांच्या आवाजात बोलायचो आणि ते भिंतीकडे तोंड करायचे. एका सकाळी ते तसेच गेले.

तेराव्यानंतर गावाने ठरवलं, गाऱ्हाणं आता मीच घालायचं. आवाज तर तोच आहे, म्हणाले. धक्क्यावरचं काय, असं मी विचारलं, तर एकजण म्हणाला, "कायपण पुटपुट रे. कुणाला कळतंय?" खरं आहे. कोणालाच कळणार नाही. माझ्याइतकं चांगलं खोटं पुटपुटणारा या तालुक्यात दुसरा कोणी नाही.

काकींनी खाकी पिशवी माझ्या खांद्याला लावली. सोमवारपासून फिरतोय. पहिल्या दोन घरांत चहा मिळाला आणि तात्यांच्या नकलेची फर्माईश. मी केली, सगळे हसले, थोडे रडले, आणि कोणी काहीच सांगितलं नाही. तिसऱ्या घरात एक म्हातारी एकटीच राहते. मी सवयीने तात्यांच्या आवाजात सुरू केलं, तर तिने हात वर केला. "त्यांना सांगायचं होतं ते सांगून झालं माझं. आता नवीन हाय. तू तुझ्या आवाजात बोल." मी गप्प बसलो. चहा गार झाला. मग ती सांगायला लागली. काय ते मी लिहिणार नाही.

पिशवी आता आमच्या ओटीवरच्या खुंटीला आहे. पानाचा डबा रिकामा केलाय, चष्मा आतच ठेवलाय. अजून बरीच घरं राहिलीत. शिमग्याला धक्क्यावर गेलो की ढोलवाल्यांना पुढे पाठवेन, नारळ फोडेन आणि तोंड बंद ठेवून पाण्याकडे बघत उभा राहीन. किती वेळ, तेही मोजून ठेवलंय. रेकॉर्डिंगमध्ये माझं हसणं एक मिनिट वीस सेकंद चालतं. तेवढा वेळ.