चौथी टिकली

आमच्या घरात पहिली गाडी आली ती अमावास्येला, कारण त्या दिवशी शोरूममध्ये गर्दी नसते. ती गाडी अकरा वर्षं बिनतक्रार चालली. अशा घरात मी वाढले, त्यामुळे या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचून सोडून दिलेत. भुतंखेतं, संकेत, आभास... माझा कशावरच विश्वास नव्हता. आता स्वतःच लिहायला बसलेय, तर घडलं ते क्रमाने सांगते. रंगवून सांगणं मला जमत नाही.

मी मूळची चिंचवडची. गेली बारा वर्षं न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनजवळ लोअर हटला राहते. इंजिनियर आहे. साउथ आयलंडच्या डोंगरांत ग्लेशियर आहेत, म्हणजे हिमनद्या. त्या किती सरकतात, किती खचतात हे मोजायला आमच्या टीमने तिथे आपोआप चालणारे कॅमेरे बसवलेत. एक पेटी, आत कॅमेरा, वर सोलर पॅनल. दिवसा दर तासाला एक फोटो. मोठा फोटो कार्डवर साठतो आणि त्याची छोटी, धुरकट कॉपी सॅटेलाइटवरून आमच्याकडे येते. तीन-चार महिन्यांनी हेलिकॉप्टरने जाऊन कार्ड आणि बॅटऱ्या बदलायच्या. जाणारे तिघं — मी, माझा बॉस क्रेग आणि पायलट.

ज्या कॅमेऱ्याची ही गोष्ट, तो एका कातळावर उंच बसवलाय. फोटोत मधोमध ग्लेशियर दिसतं आणि डाव्या कोपऱ्यात, ग्लेशियरच्या कडेला, दगडमातीचा एक सपाट तुकडा. हेलिकॉप्टर तिथेच उतरायचं, अगदी कडेजवळ, कारण मागे मोठे धोंडे आहेत. पायलट आत बसून सँडविच खायचा आणि आम्ही दोघं कातळ चढून वर जायचो.

गेल्या उन्हाळ्यात — इथला उन्हाळा, डिसेंबर ते फेब्रुवारी — आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर धरणांची पातळी आणि कालव्यांचे भराव मोजले. इथे कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणलं की त्यांचा दिवस मोकळा. मग मी घरून काम करायचे त्या दिवशी खुर्ची ओढून माझ्या शेजारी.

"हा दगड कालपेक्षा खाली आलाय का गं?"

"बाबा, त्यासाठी सॉफ्टवेअर आहे."

"असू दे. मला डोळे आहेत."

एके दिवशी ते आईचं टिकल्यांचं पाकीट घेऊन आले. माझ्या जुन्या मॉनिटरवर फोटो फुलस्क्रीन करायला लावला आणि काचेवर चार टिकल्या चिकटवल्या. दोन बर्फावरच्या मोठ्या दगडांवर, कारण ते सरकणारच. एक समोरच्या कातळावर, ती हलता कामा नये. चौथी त्या सपाट तुकड्याच्या कडेवर. या तुकड्याला त्यांनी नाव ठेवलं — ओटा. रोज सकाळी दहाचा फोटो लावायचा. दगड टिकलीखालून सरकला असेल तर टिकली उचलून परत दगडावर लावायची, फूटपट्टीने अंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं. माझी मुलगी म्हणाली, "आजोबा, देअर्ज अ‍ॅन अ‍ॅप फॉर दॅट." आई म्हणाली, "पाकीट संपलं तर भारतातून आणून द्यायचं, सांगून ठेवते."

मी क्रेगला हे हसत हसत सांगितलंही होतं. पण खरं सांगायचं तर बाबांचे आकडे माझ्या सॉफ्टवेअरच्या बरेच जवळ यायचे. मला त्यांचं कौतुक वाटायचं आणि ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

मार्चमधल्या एका शुक्रवारी आमची फेरी ठरली होती. त्याच आठवड्यातल्या सोमवारी बाबांनी मला हाक मारली.

"ओट्याची कड आत आलीय."

मी पाहिलं. कड टिकलीच्या बरोब्बर खाली होती, आदल्या आठवड्यात होती तशीच. मी तसं सांगितलं. त्यांनी टिकली उचलली आणि नऊ मिलिमीटर आत लावली. माझ्या डोळ्यांना ती आता सरळसरळ सपाट जमिनीवर दिसत होती. "ही बघ कड," ते म्हणाले.

दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशन्स झालेली, त्यामुळे मी आधी डोळ्यांवरच घेतलं. बाकीच्या टिकल्या विचारल्या. त्या तिन्ही त्यांनी अचूक सांगितल्या. मग शनिवारचा आणि सोमवारचा फोटो एकावर एक ठेवून तपासला. कडेत फरक शून्य. तसं त्यांना स्क्रीनवर दाखवलं. ते म्हणाले, "बरं." आणि वहीत नऊ लिहिलं.

मंगळवारी मूळ जागेपासून सोळा. बुधवारी तेवीस. म्हणजे आता चौथी टिकली जिथे हेलिकॉप्टर टेकतं त्याच्याही आतल्या बाजूला गेली होती. फोटोत मला काहीही बदललेलं दिसत नव्हतं. मी वैतागले. आवाज चढवला, हेही कबूल करते.

"बाबा, तिथे काही झालेलं नाहीये! मशीन सांगतंय, मी सांगतेय."

"तू परवा तिथे उतरणार?"

"हो. नेहमीसारखी."

त्यांनी वही मिटून ठेवली. संध्याकाळी जेवायला बसले तर ताटातलं काही हललं नाही. आईने मला खुणेनेच विचारलं, काय झालं. मग बाबाच बोलायला लागले, आणि जे बोलले ते आईनेही कधी ऐकलेलं नव्हतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका कालव्याचा भराव मोजताना त्यांच्या वाचनात, म्हणजे मोजमापात, भराव खचलेला आला होता. बरोबरच्या दोन सीनियरांचं वाचन ठीक होतं. ते हसले. "मी खोडलं," बाबा म्हणाले, "आणि त्यांचा आकडा लिहिला." आठ दिवसांनी भराव फुटला. कालव्यावर पाणी सोडणारा पाटकरी खालच्या बाजूला झोपडीत राहायचा. हरी त्याचं नाव. तो त्यात गेला.

"चौकशीत माझ्या वहीत काहीच सापडलं नाही," ते म्हणाले. "मला कोणी विचारलं नाही."

मला पहिल्यांदा भीती वाटली, पण ओट्याची नाही... बाबांची. मी उतरले आणि काही झालं तर हा माणूस जगणार नाही, एवढं मला कळलं. ओट्यावर उतरणार नाही, असा मी त्यांना शब्द दिला.

गुरुवारी मी साउथ आयलंडला गेले. शुक्रवारी सकाळी हवा स्वच्छ होती. हेलिकॉप्टरमध्ये मी हेडसेटवर क्रेगला म्हटलं, आज वरच्या कातळावर उतरू या का? तिथे जागा अडचणीची आहे, पायलटला जपून उतरवावं लागतं. क्रेगने कारण विचारलं. वडिलांनी टिकली सरकवली, असं बॉसला कोण सांगणार? मी म्हटलं, जुन्या फोटोत कडेला बारीक चीर वाटली. तो म्हणाला, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे इथल्या बोलीत 'चालेल की', आणि आम्ही वर उतरलो.

ओटा खाली जसाच्या तसा होता. क्रेगने वाकून पाहिलं आणि माझ्याकडे बघून हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कार्ड बदललं, बॅटऱ्या बदलल्या. अकराला दहा मिनिटं असताना खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज आला. आम्ही वळेपर्यंत धूळ वर आली होती. धूळ बसली तेव्हा ओट्याचा पुढचा भाग नव्हता. जिथे हेलिकॉप्टर उभं असतं, आणि आत सँडविच खाणारा पायलट, ती सगळी जागा खाली बर्फावर पडली होती. पायलट आमच्या शेजारी उभा होता.

ग्लेशियर वितळून खाली गेलं की त्याच्या कडेची माती आधार सुटून ढासळते. त्यात नवल काही नाही, आमच्या कामात हे धरूनच चालतात. माझा प्रश्न वेगळा आहे.

रविवारी घरी आल्यावर मी त्या मॉनिटरवर अकराचा, म्हणजे ढासळल्यानंतरचा पहिला फोटो लावला. कातळावरची टिकली जागच्या जागी होती, म्हणजे कॅमेरा हललेला नव्हता. नवीन कड बुधवारच्या टिकलीच्या मधोमध जात होती. अर्धी टिकली जमिनीवर, अर्धी बाहेर. मग कार्डावरचे मोठे फोटो काढून त्या आठवड्याचा एकेक तास पाहिला. दहाच्या फोटोपर्यंत ना चीर, ना भेग. बाबांना अनुभव होता, त्यांनी नकळत काहीतरी हेरलं असेल, असं माझा नवरा म्हणतो. असेल. पण धुरकट फोटोत, जिथे माणूससुद्धा ठिपक्याएवढा दिसतो? आणि ते "पडेल" असं एकदाही म्हणाले नाहीत. त्यांना कड आत आलेली *दिसत होती*.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, पाणी प्यायले. मग विचारलं, "रिपोर्टमध्ये काय लिहिलंस?"

"फोटोंच्या तपासणीनंतर खबरदारी म्हणून जागा बदलली, असं."

"माझं वाचन?"

"बाबा, ते कसं लिहिणार?"

ते रागावले नव्हते. "म्हणजे तूही खोडलंस," एवढंच म्हणाले आणि दूध आणायला निघून गेले.

मेमध्ये ते परत गेले. वही मला दिली. काय घडलं याचं स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही, आणि ऑफिसच्या रिपोर्टमध्ये ते आकडे जायला अजूनही जागा नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

ओट्याची कड, सकाळी दहाचा फोटो. सोमवार नऊ मिलिमीटर आत, मंगळवार सोळा, बुधवार तेवीस. वाचन घेणारे माझे वडील. खाडाखोड नाही.